साठी बुद्धी नाठी : म्हण आणि हिशेब

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण सर्वांनी ऐकलेली आहे. ती सरकारांनाही ठाऊक असावी. मात्र प्रत्येक राज्याने तिचा अर्थ आपापल्या सोयीने लावलेला दिसतो. महाराष्ट्र शासनाचा कारकून ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, कर्नाटकातला ६० व्या वर्षी, आणि मध्य प्रदेशाने २०१८ साली हे वय ६० वरून ६२ वर नेले. म्हणजे कोल्हापूरच्या कचेरीतून नारळ घेऊन घरी बसलेल्या गृहस्थाचा ग्वाल्हेरचा मावसभाऊ आणखी चार वर्षे तशाच फायली हातावेगळ्या करीत राहतो. दोघांच्या मेंदूत असा काय फरक असेल? आणि फरक नसेल तर हे वय ठरते कशावरून? देशात वृद्ध वाढले की देशाची आर्थिक वाढ खरोखरच मंदावते काय?

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी यंत्रावर घसारा आकारतो. सरळ रेषा पद्धतीत यंत्राची किंमत दर वर्षी ठरावीक रकमेने कमी करायची आणि त्याचे आयुष्य संपले की भंगाराची किंमत तेवढी वहीत ठेवायची. निवृत्तीचे वय म्हणजे माणसाला लावलेली हीच पद्धत होय. ती माणसाला लागू पडते का, हे पाहण्याआधी देशाचा हिशेब मांडू.

समजा, एका देशात १०० माणसे आहेत. त्यांतली ६० कमावती आहेत आणि प्रत्येक जण १० रुपयांचे उत्पादन करतो. एकूण ६०० रुपये, म्हणजे दरडोई ६ रुपये. तीस वर्षांनी वृद्ध वाढले आणि कमावते ५० च उरले, तर उत्पादन ५०० वर येईल आणि दरडोई ५ रुपये पडतील. पण दरडोई ६ रुपये टिकवायचे असतील तर प्रत्येक कमावत्याने १० ऐवजी १२ रुपयांचे उत्पादन केले की भागते. तीस वर्षांत वीस टक्के वाढ, म्हणजे वर्षाला सुमारे ०.६ टक्का! हा आकडा काही भयंकर नाही. म्हणून खरा प्रश्न डोकी किती हा नसून, एकेका डोक्यातून आणि हातांतून काय निघते, हा आहे. ते वयाबरोबर घटत असेल तर मात्र दुहेरी तोटा.

मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटल यांनी बुद्धीचे दोन प्रकार मानले. एक प्रवाही बुद्धी : नवे कोडे चटकन सोडवणे, नवी गोष्ट वेगाने डोक्यात घेणे. दुसरी साठलेली बुद्धी : शब्दसंग्रह, अनुभव, व्यवसायातली जाण. पहिली तारुण्यातच शिखर गाठते आणि हळूहळू उतरते. दुसरी पन्नाशी-साठीपर्यंत वाढते किंवा निदान टिकते. म्हणीत तथ्य आहे, पण अर्धेच!

कामावर या दोन्ही बुद्धी एकत्र येतात. टंकलेखनाच्या परीक्षेसाठी बोटे झिजवणाऱ्या आमच्या मित्रमैत्रिणींना यातले एक उदाहरण विशेष आवडेल. टिमथी सॉल्टहाउस यांनी १९८४ साली १९ ते ७२ वर्षे वयाच्या टंकलेखकांची तपासणी केली. साध्या प्रतिक्रियेचा वेग वयस्करांचा कमी होता. दिवा लागला की बटण दाबा म्हटले तर ते मागे पडत. पण टंकलेखनात ते तरुणांच्या बरोबरीने चालत. कारण काय, तर त्यांची नजर कागदावर बरीच पुढे धावत असे. जे अक्षर अजून यायचे आहे त्याची तयारी बोटे आधीच करीत. शरीराने गमावलेला वेग कसबाने भरून काढला होता. जर्मनीतल्या एका ट्रक-जुळणी कारखान्यात आक्सेल ब्योर्श-सुपान आणि माथियास वाइस यांनी कामगारांच्या चुका मोजल्या. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार साठीपर्यंत उत्पादकता घसरत नाही. मोठ्या चुका तर अनुभवी कामगारांकडून कमीच होतात.

या दृष्टीने मला ग्वाल्हेर शहर फार बोलके वाटते. माझी आत्या लष्कर भागात राहते, त्यामुळे तिथे माझे जाणे-येणे असते. या एकाच गावात आपल्या प्रश्नाची दोन टोके सापडतात.

पहिले टोक गाण्याचे. कृष्णराव शंकर पंडित यांचा जन्म १८९३ चा. १९१४ साली, म्हणजे माझ्या वयाला, त्यांनी ग्वाल्हेरात शंकर गांधर्व महाविद्यालय काढले. १९७३ साली, ऐंशीच्या उंबरठ्यावर, त्यांना पद्मभूषण मिळाले. ऐंशी ओलांडल्यावरही ते गात आणि शिकवीत राहिले. १९८९ साली ९६ व्या वर्षी ते वारले. कोणत्या पद्धतीने आकारणार यांच्यावर घसारा? शिवाय ही भांडवली ठेव एकाच खात्यात पडून राहत नाही. ग्वाल्हेरची विद्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात आणली, त्यांचे शिष्य नीलकंठबुवा आलूरमठ मिरजेत शिकवीत, आणि त्यांच्याकडे सुरुवातीची तालीम घेतली धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांनी. (हे वाक्य आमच्या कन्नड विभागातल्या मित्रांनी अवश्य वाचावे.) मन्सूर ८१ वर्षे जगले आणि त्यांचे उतारवयातले गाणे जाणकार डोक्यावर घेतात.

पण सगळे काही पंडितजी नसतात, हेही खरे. म्हणून दुसरे टोक पाहू. १९२१ साली घनश्यामदास बिर्लांनी ग्वाल्हेरात जियाजीराव कॉटन मिल्स सुरू केली. तिच्याभोवती बिर्लानगर वसले आणि पिढ्यान्‌पिढ्या कामगार तिथे पोसले गेले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गिरणी बंद पडली. आता कल्पना करा : पंचवीस वर्षे मागावर उभा राहिलेला, पंचेचाळिशीचा विणकर. आवाजावरून कोणता माग बिघडला ते सांगणारा. ही त्याची साठलेली बुद्धी. पण ती त्या मागाला चिकटलेली. माग थांबला आणि एका दिवसात तिची बाजारातली किंमत शून्य झाली. नवा धंदा शिकायला लागते ती प्रवाही बुद्धी, आणि ती उताराला लागलेली. गवयाचा तंबोरा त्याच्याबरोबर घरी येतो, विणकराचा माग येत नाही. पंचेचाळिशीतला विणकर असा 'म्हातारा' होतो आणि ऐंशीचा गवई होत नाही. गिरणगावातल्या घरांना हे वेगळे सांगायला नको. १९८२ च्या संपानंतर मुंबईनेही हेच पाहिले.

देशाच्या पातळीवर विद्वानांचे एकमत नाही. निकोल मेस्टास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या राज्यांचा अभ्यास केला. साठीपुढच्या लोकांचा वाटा १० टक्क्यांनी वाढला (समजा, शंभरात २० होते ते २२ झाले) तर दरडोई उत्पन्न सुमारे साडेपाच टक्क्यांनी मागे पडते, असे त्यांना आढळले. याउलट दारोन असेमोग्लू आणि पास्क्वाल रेस्ट्रेपो यांनी २०१७ मध्ये अनेक देशांची आकडेवारी तपासली, तर वृद्धत्व आणि मंद वाढ यांचा संबंध दिसेना. जिथे माणसे कमी पडली तिथे यंत्रमानव आले. मला दोन्ही पटतात. अनुभवी माणूस बाहेर पडला की त्याच्याशेजारचा तरुणही अडखळतो, आणि माणूस मिळेनासा झाला की मालक यंत्र शोधतो.

आपल्याकडची गोष्ट मात्र वेगळी आणि जास्त काळजीची आहे. 'भारत तरुण देश आहे' हे वाक्य भाषणांत टाळ्या घेते. २०११ च्या जनगणनेत साठीपुढचे लोक ८.६ टक्केच होते. पण व्हेगार्ड स्किरबेक आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली पन्नाशीपुढच्या लोकांची स्मरणशक्ती देशोदेशी ताडून पाहिली, तेव्हा 'म्हाताऱ्या' उत्तर युरोपातले आणि अमेरिकेतले लोक भारत, चीन, मेक्सिकोतल्या लोकांपेक्षा सरस ठरले. वय मोजण्याऐवजी बुद्धीची क्षमता मोजली तर आपण तितके तरुण उरत नाही. कारण उघड आहे. आपल्या वृद्धांपैकी १९९१ साली २७ टक्के आणि २०११ साली ४४ टक्के साक्षर होते. २०११ मध्ये पुरुषांत ५९, तर स्त्रियांत अवघे २८ टक्के. लहानपणी शाळा नाही, पोटाला पुरेसे नाही, आणि साठ वर्षांनी आम्ही म्हणतो, 'बुद्धी नाठी'! ती नाठली नाही. तिला घरात कधी नीट घेतलेच नव्हते.

आणि विश्रांती तरी कुठे आहे? २०११ मध्ये ग्रामीण भागातले ६६ टक्के वृद्ध पुरुष काम करीतच होते. ५८ की ६२ हा वाद मूठभर पगारदारांचा आहे.

तरी त्या मूठभरांचा वाद आम्हा विद्यार्थ्यांना टळत नाही, कारण त्यांच्या खुर्च्यांकडे आमचे डोळे लागलेले असतात. एडवर्ड लझिअर यांनी १९७९ साली सक्तीच्या निवृत्तीचा उलगडा केला तो मासलेवाईक आहे. तरुणपणी नोकराला त्याच्या कामापेक्षा कमी पगार मिळतो, उतारवयात जास्त. त्यामुळे तो नोकरी सोडत नाही आणि कामचुकारपणाही करीत नाही. पण हा जास्तीचा पगार कुठे तरी थांबवावा लागतो, म्हणून तारीख ठरते. म्हणजे ५८ असो वा ६२, हा आकडा मेंदूने नव्हे, तर पगारपत्रकाने ठरवलेला असतो.

मग वय वाढवले की तरुणांच्या नोकऱ्या जातात का? साऱ्या देशाचा विचार केला तर नोकऱ्या ही ठरलेल्या आकाराची भाकरी नाही. कमावता म्हातारा बाजारात खर्च करतो आणि त्यातून कुणाला तरी काम मिळते. पण सरकारी कचेरीत मंजूर पदे मोजकी असतात. तिथे २०१८ साली मध्य प्रदेशात निवृत्ती दोन वर्षे लांबली, तेव्हा त्या जागेची वाट पाहणाऱ्या उमेदवाराची दोन वर्षे गेलीच, आणि भरतीची वयोमर्यादा त्याच्यासाठी थांबून राहिली असेल असे मला वाटत नाही. आमच्या प्राध्यापकांनी हे वाचून राग मानू नये. सुसान रोहवेडर आणि रॉबर्ट विलिस यांना २०१० साली आढळले की ज्या देशांत लोक लवकर निवृत्त होतात तिथे साठीच्या सुरुवातीलाच स्मरणशक्ती जास्त घसरलेली दिसते. तेव्हा खुर्ची आम्हाला द्यावी, पण आठवड्यातून दोन तास तरी शिकवायला यावे, एवढीच विनंती आहे. मानधनाचे काय ते संस्थेने पाहावे.