विश्लेषण : जुना लॅपटॉप सुरू होतानाच का अडकतो? ‘फॉरमॅट’ करण्याआधी काय तपासावे?

बटण दाबले, कंपनीचा लोगो आला, त्याखाली ठिपके गोल फिरू लागले आणि सारे तिथेच थांबले. पाच-सात वर्षे वापरलेल्या लॅपटॉपबाबत ही तक्रार नेहमीची. दुरुस्तीच्या दुकानात त्यावर ‘फॉरमॅट मारून देतो’ हे उत्तर अनेकदा मिळते. त्याने लॅपटॉप कदाचित सुरू होईलही. पण त्यातले फोटो, हिशेबाच्या फाइल, प्रबंधाचा मसुदा पुसला जाईल. शिवाय बिघाड हार्डडिस्कमध्येच असेल, तर काही दिवसांनी तो पुन्हा अडकेल. म्हणून विंडोजवर चालणारा लॅपटॉप नेमका कोणत्या टप्प्यावर अडकतो, हे आधी पाहायला हवे.

सुरू होताना आत काय घडते?

बटण दाबताच विंडोज सुरू होत नाही. आधी मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेला एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणतात, नव्यांत यूईएफआय. तो प्रोसेसर, रॅम, कीबोर्ड, डिस्क यांची हजेरी घेतो आणि मग डिस्कवरील विंडोजकडे सूत्रे सोपवतो. त्यानंतर विंडोजचा गाभा आणि यंत्राच्या निरनिराळ्या भागांशी बोलणारे प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, रॅममध्ये येतात. शेवटी पासवर्डचा पडदा दिसतो आणि त्यानंतर इतर ॲप सुरू होतात.

अडकण्याच्या जागेवरून काय कळते?

ठिपके फिरण्याआधी, नुसत्या लोगोवरच गाडी अडली तर संशय यंत्राच्या भागांवर घ्यावा : सैल झालेली रॅम, बिघडलेली डिस्क किंवा बाहेरून जोडलेले एखादे उपकरण. ठिपके फिरतच राहिले तर डिस्क, ड्रायव्हर किंवा अर्धवट राहिलेले अपडेट ही कारणे असू शकतात. पासवर्ड टाकल्यावर अडकत असेल, तर बहुधा एकाच वेळी सुरू होणाऱ्या ॲपची गर्दी झालेली असते. अशा वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ‘स्टार्टअप’ यादीतील नको असलेली ॲप बंद करावीत.

पडद्यावर अपडेटची टक्केवारी दिसत असेल तर मात्र घाई नको. जुन्या हार्डडिस्कवर हे काम तासभरही चालू शकते. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तोवर थांबावे.

घरी पहिल्यांदा काय करावे?

लॅपटॉप बंद करून पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, प्रिंटर, माउस असे जोडलेले सारे काढावे. पेन ड्राइव्ह लावलेला असेल, तर लॅपटॉप विंडोज त्यातच शोधत बसण्याची शक्यता असते. मग चार्जर आणि निघत असल्यास बॅटरीही काढावी. पॉवरचे बटण ३० सेकंद दाबून धरावे. आत उरलेला वीजभार त्यामुळे निघून जातो. त्यानंतर फक्त चार्जर लावून लॅपटॉप सुरू करून पाहावा.

कधी सुरू होतो, कधी अडकतो, असे होत असेल तर ‘फास्ट स्टार्टअप’ तपासावे. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर आलेली ही सोय ‘शट डाउन’ करताना विंडोजच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलते. जपलेल्या स्थितीतच दोष असेल तर तोही परत येतो. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र सारे नव्याने सुरू होते. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये ही सोय बंद करता येते.

‘सेफ मोड’ कशासाठी?

सेफ मोडमध्ये विंडोज मोजक्या, अत्यावश्यक ड्रायव्हरसह सुरू होते. त्यात लॅपटॉप नीट चालला तर यंत्र बहुधा ठीक आहे, दोष ड्रायव्हर, ॲप किंवा अपडेटचा आहे, असे समजावे. ठिपके दिसताच बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करावा. असे दोन-तीनदा केल्यावर विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवते. तिथे ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ या क्रमाने जाऊन रीस्टार्ट करावे आणि ४ आकडा दाबावा. नुकतेच आलेले अपडेट काढण्याची सोयही ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्येच असते.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक सुरूच होईनासे झाले, असा मायक्रोसॉफ्टचा अंदाज होता. त्यातील असंख्य संगणक सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढताच पूर्ववत झाले. फॉरमॅटची गरजच नव्हती.

या टप्प्यावर लॅपटॉप ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ मागू शकतो. बिटलॉकरने डिस्क कुलूपबंद असल्याची ती खूण. ही की बहुतेकदा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते आणि फोनवरूनही पाहता येते. ती मिळाली नाही, तर डिस्क शाबूत असूनही आतला डेटा उघडत नाही.

डिस्कच जात असेल तर?

हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरत असते, जुन्या लॅपटॉपमध्ये साधारणतः मिनिटाला ५,४०० वेळा. तिचा एखादा भाग खराब झाला की तिथली माहिती वाचण्याचा प्रयत्न पुन्हा पुन्हा होतो आणि तोवर लॅपटॉप गोठल्यासारखा दिसतो. ‘टक टक’ असा आवाज येऊ लागला तर लॅपटॉप सारखा बंद-चालू करू नये. दुरुस्तीचे प्रयोगही नकोत. प्रत्येक प्रयत्नात डेटा गमावण्याची शक्यता वाढते. एसएसडीत फिरणारे काही नसल्याने ती असा इशाराही देत नाही.

अशा वेळी आधी डेटा बाहेर काढावा. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून, किंवा डिस्क काढून ती यूएसबी केसमध्ये बसवून दुसऱ्या संगणकाला जोडून फाइल उतरवता येतात. डिस्क अजिबातच ओळखली जात नसेल, तर डेटा परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे जावे.

दुकानात काय सांगावे?

लॅपटॉप कुठे अडकतो ते सांगावे आणि ‘आधी डेटा काढा, डिस्क तपासा, मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका’ असे पावतीवर लिहून घ्यावे. डिस्क खराब निघाली तर बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये तिच्याच जागी अडीच इंची एसएसडी बसते आणि लॅपटॉपचा वेगही बराच वाढतो. पण खर्च करण्याआधी त्यावर विंडोज ११ चालेल का, हे विचारावे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ते चालत नसेल, तर लिनक्स हा मोफत पर्याय आहे.

लॅपटॉप पुन्हा सुरू झाला, तरी निर्धास्त राहू नये. त्याच दिवशी महत्त्वाच्या फाइल बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवाव्यात.