जामीन आणि दारिद्र्य

अपराध शाबीत होईपर्यंत आरोपी निरपराधी समजावा, हें न्यायाचें आद्य तत्त्व होय. जामिनाचा हेतु इतकाच कीं, आरोपीनें खटल्याच्या दिवशीं हजर व्हावें. परंतु ही हमी आम्ही पैशांनीं मोजूं लागलों, म्हणजे धनिक घरीं जातो व दरिद्री तुरुंगांत राहतो. त्याची मजुरी बुडते, मुलें उपाशीं राहतात. निकालापूर्वींच शिक्षा सुरू होते, आणि ती साऱ्या कुटुंबास भोगावी लागते.

बिहारांत याचा कळस झाला. १९७९ सालीं हुसैनारा खातून खटल्यांत सर्वोच्च न्यायालयास आढळलें कीं, कित्येक कच्चे कैदी त्यांच्यावरील आरोपाच्या कमाल शिक्षेहूनही अधिक काळ कोंडलेले होते. ज्याचीं मुळें समाजांत रुजलेलीं आहेत व जो पळून जाण्याचा संभव नाहीं, त्यास स्वतःच्या लेखी हमीवर, म्हणजे जातमुचलक्यावर, सोडतां येतें, असें न्यायमूर्ति भगवती यांनीं सांगितलें.

तरीही २०२२ सालच्या अखेरीस भारतांतील दर चार कैद्यांत सुमारें तीन कच्चे कैदी होते. विद्यार्थिमित्रहो, घर, बायकामुलें व रोजगार हीच गरिबाची खरी जामीनकी होय. न्यायाधीशांनीं ती आधीं पाहावी, असें आम्हांस वाटतें.