बाबूराव पेंटर : शिल्पकार

कोल्हापुरातील छत्रपती शिवाजी चौकातला शिवप्रभूंचा पुतळा आमच्या वाचकांनी शेकडो वेळा पाहिला असेल. परंतु तो घडविला कोणी, असे विचारल्यास आम्हांपैकी कित्येकांस थबकावे लागेल. तो घडविणारे हात बाबूराव कृष्णराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर यांचे होत.

३ जून १८९० रोजी जन्मलेल्या बाबूरावांपाशी कलाशाळेची पदवी नव्हती. हस्तकौशल्य घरातच होते. बंधू आनंदराव यांच्यासह त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले आणि मेस्त्रींचे 'पेंटर' झाले. चित्रपटाचा कॅमेरा त्यांनी येथेच घडविला, १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली व १९२० साली 'सैरंध्री' दाखविला. ही हकीकत सर्वश्रुतच आहे. चित्रपटांच्या या कीर्तीखाली त्यांची मूर्तिकला मात्र झाकली गेली, हे आम्हांस अन्यायाचे वाटते.

या चौकात पूर्वी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचा पुतळा होता. १९४२ च्या चळवळीत भागीरथीबाई तांबट व जयाबाई हविरे या दोन स्त्रियांनी त्यावर डांबर ओतले. पुढे तो फोडलाही गेला. रिकाम्या झालेल्या त्या जागी १९४५ साली भालजी पेंढारकरांच्या पुढाकाराने बाबूरावांनी केलेला शिवपुतळा बसला. योगायोग असा की, पुण्यातील शिवस्मारकाचे अनावरण १९२८ साली याच विल्सनसाहेबांच्या हस्ते झाले होते!

धातूचा पुतळा कसा होतो, हे मुलांनी समजून घ्यावे. प्रथम लोखंडी सांगाड्यावर ओली माती चढवून मूर्ती करितात. तिच्यावरून प्लास्टरचा साचा काढितात, त्यात मेणाचा पातळ थर देतात व आत-बाहेर उष्णता सोसणारे मिश्रण भरितात. भट्टीत मेण वितळून निघून गेले, की तेवढ्याच पोकळीत तप्त रस ओततात. म्हणून एवढा भव्य पुतळा आतून पोकळ असतो. मातीत राहिलेली चूक धातूतही उतरते. तेव्हा खरी परीक्षा मातीचीच.

१६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव निवर्तले. ही विद्या त्यांचे चिरंजीव रवींद्र मेस्त्री यांनी पुढे चालविली. कावळा नाक्यावरील महाराणी ताराराणींचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. घोडा पुढचे पाय उचलून उभा. एवढा भार मागील बाजूस कसा तोलला असेल, हे पुढल्या खेपेस तेथून जाताना अवश्य न्याहाळावे.