नाण्यांचे चौसष्ट ट्रक

4 ऑक्टोबर 2013. स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात संसदेसमोर एका ट्रकने 80 लाख नाणी ओतली. माणशी एक, पाच रॅपनचं. ढिगाचं वजन सुमारे 15 टन. प्रत्येक नागरिकाला बिनशर्त मूलभूत उत्पन्न मिळावं यावर चर्चा घडवणाऱ्यांचा हा उद्योग. चर्चा झाली, 2016 मध्ये सार्वमतही झालं आणि 77 टक्के लोकांनी ‘नको’ म्हटलं.

तोच ढीग रायगडमधल्या कर्जत-खालापुरात ओतून पाहू. दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या 4 लाख धरू (खरी त्याहून थोडी जास्तच आहे). 2016-17 च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत तेव्हाचे मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमण्यन यांनी माणशी वर्षाला 7,620 रुपयांचा हिशेब मांडला होता, म्हणजे महिन्याला 635. ते एकेका रुपयात द्यायचे, तर महिन्याला 25 कोटी 40 लाख नाणी लागतील. 2011 च्या मालिकेतलं नाणं 3.79 ग्रॅमचं, म्हणजे वजन भरलं सुमारे 963 टन. बर्नसारखे 64 ट्रक, आणि दर महिन्याला! एवढे ट्रक खालापूर टोलनाक्यावरून किती वेळात जातात, हे तिथे रांगेत उभं राहिलेल्याला विचारावं. कुणी मान वळवूनही बघणार नाही.

आणि हातात किती? दिवसाला 21 रुपये. कर्जत स्टेशनावर वडा घेऊन चहा प्यायलात की संपले.

राज्यभर ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी 2024 मध्ये वर्षाला 46 हजार कोटींचा अंदाज मांडला गेला. सेकंदाला साडेचौदा हजार रुपये. पण ती 21 ते 65 वयाच्या, अडीच लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या बायकांसाठी. मूलभूत उत्पन्नवाल्यांना अशी चाळणीच नको असते. ‘सेवा’ संस्थेने 2011-12 मध्ये मध्य प्रदेशातल्या गावांत प्रयोग केला, तो गावातल्या सगळ्यांना पैसे देऊन: मोठ्यांना सुरुवातीला महिन्याला 200, मुलांना 100.

मला ट्रकांपेक्षा एक लहान आकडा जास्त बोलका वाटतो. पाच जणांच्या कातकरी घराला सुब्रमण्यन यांच्या हिशेबाने वर्षाला 38,100 रुपये मिळतील. दिवाळीनंतर वीटभट्टीचा मुकादम उचल घेऊन वाडीवर येतो, तेव्हा त्याला नाही म्हणायला एवढे पुरतील का? आणि हे पैसे देण्यासाठी रेशनचा तांदूळ बंद होणार असेल, तर?