पाकिटाची पाठ

गेल्या रमजानमधली गोष्ट. साताऱ्याला मुलीकडे गेलो होतो. मगरिबची अजान झाली, खजुरानं रोजा सोडला आणि ताटात गरमागरम चिकन कबाब आले. एकेक करत सहा संपवले. "एवढं सगळं कधी केलंस गं?" म्हणून विचारलं, तर मुलगी म्हणाली, "अब्बा, केलंय कुठं? नुसते तळलेत." ओट्यावर फाडलेलं पाकीट पडलं होतं.

आता मी पडलो कवी माणूस, बोलायला तोंड कमी पडत नाही. "बर्फातलं, केमिकल मारलेलं पोराला खायला घालतेस होय?" इथून जो सुरू झालो तो अम्मी पाट्यावर कबाबाचं वाटण कसं करायची, इथपर्यंत जाऊन पोचलो. मुलगी नोकरी करते, संध्याकाळी साडेसहाला घरात पाऊल टाकते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पाकीट माझ्या हातात दिलं. "मागं काय लिहिलंय ते वाचा, मग बोला." अक्षरं बारीक होती हे खरं, पण चष्मा लावल्यावरही मला त्यातलं काही कळलं नाही.

पुढच्याच महिन्यात सांगलीत डॉक्टरांनी रक्तदाब मोजला. वरचा १६०, खालचा १००. "मीठ कमी करा," म्हणाले. म्हटलं, "मी वरून मीठ घेतच नाही." तर म्हणाले, "वरून घेत नाही ना, मग आतून कुठून येतं ते शोधा." त्या दिवसापासून मी पाकिटाची पाठ वाचायला शिकतो आहे. रसायनशास्त्राचा हात दहावीलाच सोडलेला, मराठी घेऊन बी.ए. झालेला मी माणूस. तेव्हा जे सांगतो ते स्वयंपाकघरातल्या भाषेतच सांगतो.

माझा पहिला राग बर्फावर होता, म्हणून आधी त्याच्याबद्दल. हंगामात महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी साताऱ्यात भरपूर येते. मुलीनं एकदा दोन डबे घरच्या फ्रीजरमध्ये ठेवून दिले. महिन्यानं बाहेर काढले तर तासाभरात लगदा! फळात बहुतेक पाणीच असतं आणि पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के फुगतं. घरच्या फ्रीजरमध्ये फळ गोठायला तास न् तास लागतात. त्यात बर्फाचे मोठे खडे तयार होतात आणि ते फळाच्या पेशी फाडतात. कारखान्यात अतिथंड हवेच्या झोतात हेच काम काही मिनिटांत उरकतं. खडे बारीक राहतात, पेशी बऱ्याचशा वाचतात. क्लॅरेन्स बर्ड्सआय नावाच्या अमेरिकन माणसानं १९१०च्या दशकात कॅनडातल्या लॅब्राडोरमध्ये तिथल्या इन्युइट लोकांकडे हे पाहिलं. कडाक्याच्या थंडीत पाण्याबाहेर काढलेला मासा बघता बघता गोठायचा आणि पुढं कधीही शिजवला तरी ताज्यासारखा लागायचा. पुढच्या दशकात त्यानं त्याचं यंत्र केलं आणि हा सगळा धंदा उभा राहिला.

उणे १८ अंशाला जंतूंची वाढ थांबते. ते मरत नाहीत, झोपून राहतात. म्हणजे अन्न टिकवायचं काम थंडीच करते. त्यासाठी वेगळं औषध मारायची सहसा गरज पडत नाही. मटाराचंच पाकीट घ्या. दाणे वाफेतून किंवा उकळत्या पाण्यातून काढून गोठवतात. त्यात क जीवनसत्त्व थोडं जातं. पण मंडईत चार दिवस पडून राहिलेल्या मटारातूनही ते जातच असतं. पाकिटाच्या मागं घटक म्हणून एकच शब्द: मटार. इथं मला माझे शब्द परत घ्यावे लागले.

मग कबाब, पॅटिस, पराठ्यांच्या पाकिटांवर ते आकडे कसले? ४५१, ४७१, ४१२, ६२१... आमच्या मोहल्ल्यात पूर्वी एक झेरॉक्स केलेली यादी फिरायची, आता ती मोबाइलवर फिरते: अमुक आकडा म्हणजे डुकराची चरबी, तमुक आकडा म्हणजे कॅन्सर. शेजारचे जैन गृहस्थ त्यांच्याकडची यादी मला दाखवायचे. भीती दोघांची सारखीच. खरं तर हे जगभर वापरले जाणारे अनुक्रमांक आहेत. १०० नंबर कशाचा आहे ठाऊक आहे? कर्क्युमिनचा, म्हणजे आपल्या हळदीच्या पिवळ्या रंगाचा. ज्या सांगलीच्या हळदीला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्यातला रंग पाकिटावर गेला की आपण घाबरतो! ४१२ म्हणजे गवारीच्या बियांचा डिंक. रस्सा किंवा सारण वितळल्यावर पाणी सुटू नये म्हणून. ३३० म्हणजे लिंबात असतं ते आम्ल. ६२१ हा आपला बदनाम अजिनोमोटो. जपानच्या इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्रशेवाळात तो ओळखला, आणि पिकल्या टोमॅटोतही ग्लुटामेट निसर्गतःच असतं. तो विष नाही. पण बेतास बात चवीच्या मालाला चटकदार करतो, आणि हात थांबत नाही.

४७१ हा तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ. तो वनस्पतीपासूनही होतो, प्राण्याच्या चरबीपासूनही. आकडा ते सांगत नाही; पुढचं चिन्ह सांगतं. हिरवी टिकली असेल तर तो वनस्पतीचाच असायला हवा. मांसाहारी मालावर आता तपकिरी त्रिकोण असतो, पूर्वी तपकिरी टिकली असायची. हलाल आहे की नाही, हे मात्र ही चिन्हं सांगत नाहीत. त्याची खूण वेगळी.

याचा अर्थ सगळेच आकडे निरुपद्रवी, असंही नाही. ४५०, ४५१, ४५२ हे फॉस्फेट. मांसातलं पाणी ते धरून ठेवतात, म्हणून कबाब मऊ राहतो. वजनात पाणीही विकलं जातं, हा माझा शेरा. ज्यांची किडनी अधू आहे त्यांनी हे आकडे दिसले की पाकीट खाली ठेवावं आणि डॉक्टरांना विचारावं, कारण असं घातलेलं फॉस्फेट अन्नातल्या नैसर्गिक फॉस्फेटपेक्षा शरीरात सहज शोषलं जातं. आणि २५०, म्हणजे सोडियम नायट्राइट. त्याच फ्रीजरमध्ये शेजारी ठेवलेल्या सॉसेज-सलामीवर तो दिसेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये अशा प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगाला कारण ठरणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातलं. नातवाच्या डब्यातून सॉसेज गेलं ते यामुळं.

जाता जाता, शीरखुर्म्यात आपण जो पिवळाधमक बेदाणा घालतो, त्याचा रंग टिकावा म्हणून त्याला गंधकाची धुरी दिलेली असते. तासगाव भागातल्या माणसाला हे सांगायला नको. दम्याच्या काही रोग्यांना त्यानं त्रास होऊ शकतो. त्याचाही नंबर आहे, २२०. सुटा बेदाणा घेताना तो आपल्याला दिसत नाही, एवढंच.

आता माझ्या सहा कबाबांचा हिशोब. पाकिटावर लिहिलं होतं: १०० ग्रॅममध्ये सोडियम ५४० मिलिग्रॅम. सोडियमला अडीचनं गुणलं की मीठ निघतं. खाली बारीक अक्षरात 'एक सर्व्हिंग ५० ग्रॅम', म्हणजे दोन कबाब, आणि दिवसाच्या गरजेची टक्केवारी त्या दोन कबाबांची. दोन कबाबांवर कोण उठतं? मी सहा खाल्ले, म्हणजे १५० ग्रॅम. सोडियम ८१०, मीठ दोन ग्रॅम. दिवसभरात मीठ पाच ग्रॅमच्या आत असावं असं सांगतात. एका ताटलीत माझं चाळीस टक्के संपलं. सॉस, पावाचं आणि रात्रीच्या जेवणाचं मीठ वेगळंच.

तीच गत पराठ्याची. घटक ज्या क्रमानं लिहिलेले असतात तो वजनाचा क्रम असतो, जास्त ते आधी. पहिला मैदा, मग पाणी, मग पाम तेल. पाम तेलातली जवळपास निम्मी चरबी संपृक्त, हृदयाला न मानवणारी. पुढच्या चित्रात पालक हिरवागार, आणि मागं पालक आठव्या नंबरला, मिठाच्या जवळपास. मला विचाराल तर आकड्यांची भीती घेण्यापेक्षा या पहिल्या तीन शब्दांकडे आणि सोडियमच्या ओळीकडे बघावं. आईस्क्रीम घेतानाही तेच. कपावर 'फ्रोझन डेझर्ट' असेल तर त्यात दुधाच्या चरबीऐवजी वनस्पती तेल असतं. चूक काही नाही, पण दुधाचं म्हणून खाऊ नये.

एक गोष्ट मात्र कुठल्याच पाकिटावर लिहिलेली नसते: कारखान्यापासून घरापर्यंत थंडी कुठं तुटली का. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, कित्येक भागांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. भरलेला फ्रीजर दार न उघडता ठेवला तर साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. त्यापुढं झोपलेले जंतू जागे होतात, आणि पुन्हा गोठवलं म्हणून जे झालं ते पुसलं जात नाही. त्या पुरानंतर एका दुकानातून मी मटार आणले, तर दाणे सुटे नव्हतेच. विटेसारखा एक गठ्ठा. वितळून परत गोठल्याची ती खूण. पाकिटात बर्फाचा भुगा फार असला तरी शंका घ्यावी. आता दुकानात मी पाकीट हलवून बघतो. दाणे खुळखुळले तर घेतो. दुकानदार हसतात.

मुलीशी माझी दिलजमाई झाली आहे. रविवारी तिची अम्मी सांगलीहून साताऱ्याला जाते, दोघी मिळून खिम्याचे कबाब थापतात आणि पातळ थर करून, एकमेकांना चिकटू न देता फ्रीजरमध्ये ठेवतात. मीठ निम्मं. कारखान्याइतके मऊ होत नाहीत, का ते स्ट्रॉबेरीनं शिकवलंय. नातवाला मात्र पाकिटातलेच आवडतात. महिन्यातून दोनदा, असं आम्ही ठरवलंय. तो तीनदा म्हणतोय.