विश्लेषण : बीटी कपाशीतही गुलाबी बोंडअळी का जगते? उत्तर दहावीच्या पुस्तकात

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा आहे ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. पुढे त्याच पुस्तकात ‘प्राण्यांचे वर्गीकरण’ही येते. हे दोन्ही धडे बहुतेक जण परीक्षेपुरते वाचतात. पण कपाशीच्या बोंडात शिरलेली गुलाबी अळी बीटी बियाण्याला का जुमानत नाही, हे त्यांच्याशिवाय समजत नाही.

बोंडअळी एक की अनेक?

बोलीत सगळ्या ‘बोंडअळ्या’च. प्रत्यक्षात हिरवी (अमेरिकन), ठिपक्यांची आणि गुलाबी अशा वेगवेगळ्या प्रजाती कपाशीवर येतात. हिरवीचे शास्त्रीय नाव हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा, तर गुलाबीचे पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. दोघी पतंगांच्याच गणातल्या, पण कुळे वेगळी आणि सवयीही वेगळ्या. हिरवी अळी तूर, हरभरा, टोमॅटो अशा अनेक पिकांवर जगते. गुलाबी मात्र जवळजवळ पूर्णपणे कपाशीवरच अवलंबून असते. ती बोंडात शिरून सरकी खाते. बाहेरून ती दिसत नाही आणि फवारणीही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. हा फरक पुढे फार महागात पडला.

अळीला विषाची ‘सवय’ झाली का?

नाही. हा गैरसमज सर्रास आढळतो. बीटी कपाशीत एका जिवाणूचे जनुक असते. त्यातून तयार होणारे प्रथिन अळीच्या आतड्यात ठरावीक जागी चिकटते आणि अळी मरते. पण लाखो अळ्यांमध्ये काहींची ही जागाच जन्मतः थोडी वेगळी असते. हेच ते पुस्तकातले ‘विचरण’. भारतात २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. त्यानंतर बाकीच्या अळ्या मरत गेल्या आणि या मोजक्या उरल्या. एक पिढी साधारण महिनाभराची. म्हणजे निवड व्हायला लाखो वर्षे लागली नाहीत, काही हंगाम पुरले.

गुजरातमध्ये गुलाबी अळी पहिल्या बीटी वाणाला दाद देत नसल्याचे २०१० मध्ये मोन्सॅन्टो कंपनीनेच जाहीर केले. दोन जनुकांचे वाण २००६ पासून बाजारात होते. तेही पुढे अपुरे ठरले. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात या अळीने कपाशीचे मोठे नुकसान केले.

‘रेफ्युजी’चे पाकीट कशासाठी?

इथे मेंडेल येतो. ही प्रतिकारशक्ती बहुतांशी अप्रभावी जनुकांमुळे येते. म्हणजे आई आणि वडील दोघांकडून तसे जनुक आले, तरच अळी बीटीवर तगते. म्हणून ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटी बियाणे दिले जात असे. शेताच्या कडेने पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यांपैकी जे जास्त असेल तेवढे ते लावायचे. त्या ओळींवर साध्या अळ्या जगतात. त्यांच्या पतंगांचा प्रतिकारक पतंगांशी संकर झाला, की पुढची पिढी बीटीवर मरते.

अनेकांनी ही पाकिटे पेरलीच नाहीत. दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याने पाचवा हिस्सा अळीला चारावा, ही अपेक्षा कागदावरच सोपी होती. हिरव्या अळीला तूर-हरभऱ्यावर आपोआप आसरा मिळाला, गुलाबीला तसा मिळाला नाही. त्यात पाण्याची सोय असलेल्यांनी फरदड घेतली. कपाशी महिनोन्‌महिने उभी राहिली आणि अळीला जादा पिढ्या मिळाल्या.

मग उपाय काय?

अमेरिकेत बीटी कपाशीच्या जोडीला प्रयोगशाळेत वांझ केलेले पतंग सोडण्यात आले. २०१८ मध्ये तिथल्या कृषी विभागाने कपाशी पट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले.

आपल्याकडे कामगंध सापळे लावणे, डोमकळ्या तोडून नष्ट करणे आणि डिसेंबरअखेर पीक संपवून पऱ्हाट्यांची विल्हेवाट लावणे, यावर भर आहे. वेगळ्या पाकिटाऐवजी पिशवीतच पाच टक्के नॉन-बीटी बियाणे मिसळण्याची पद्धतही आणली गेली. त्यामुळे बीटी पेरले, की आसऱ्याची झाडे त्याच ओळीत आपोआप उगवतात.