सीओडी? अहो, ती तर पणजोबांच्या काळातली!

घरबसल्या कपडे मागवायचे आणि दारात पैसे मोजायचे, हा आपल्याच पिढीचा फंडा आहे असं वाटतंय? मग राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या पोस्टमनला भेटाच!

तुम्ही हिंजवडीच्या ऑफिसात, आई बीड जिल्ह्यात नेकनूरला. दिवाळीसाठी तिला साडी पाठवायचीय. लंच ब्रेकमध्ये दहा साड्या बघायच्या, एक निवडायची, गावचा पत्ता टाकायचा आणि 'कॅश ऑन डिलिव्हरी'वर टिक करायचं. झालं काम! संध्याकाळी आईचा फोन. "न बघताच घेतली व्हय रं? अन् पैसे आधीच तर नाही ना दिलेस?"

हसू नका. आईच्या या दोन प्रश्नांवरच टपालाने कपडे विकण्याचा अख्खा धंदा उभा राहिलाय.

न बघता कसं घ्यायचं?

वेल्समधल्या न्यूटाउन गावचा कापडवाला प्राइस प्राइस-जोन्स. १८६१च्या सुमारास त्याने टपालाने ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. गिऱ्हाईक दुकानात येत नाही ना, मग कापडाचे नमुनेच त्याच्या घरी पाठवायचे! बोटांनी चाचपून बघा, आवडलं तर कळवा. त्याच्या गिऱ्हाइकांत खुद्द राणी व्हिक्टोरिया आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या.

आपल्याकडे आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सने १८९१मध्ये मुंबईत दुकान थाटलं. लांबच्या ठाण्यांवर राहणारे साहेब आणि मेमसाहेब त्यांचा जाडजूड कॅटलॉग चाळून कपडे मागवत. काळा घोड्याला ती इमारत आजही आहे. पुढे तिथे वेस्टसाइडचं दुकान आलं. म्हणजे तिथून कुर्ती घेतली असेल, तर तुम्हीही त्याच वारशातले!

पैसे आधी का द्यायचे?

याचं उत्तर दिलं टपाल खात्याने. १८७७मध्ये भारतात 'व्हॅल्यू पेएबल पोस्ट' सुरू झालं. आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यातली व्ही.पी. ती हीच. दुकानदाराने पार्सलवर किंमत घालून ते पोस्टात द्यायचं, पोस्टमनने गिऱ्हाइकाकडून पैसे घेऊन मगच पार्सल सोडायचं आणि पोस्टाने ते पैसे दुकानदाराला पोचते करायचे. आहे ना सेम टू सेम? गंमत म्हणजे अमेरिकेच्या पोस्टाने ही सोय १९१३मध्ये आणली आणि इंग्लंडच्या पोस्टाने तर १९२६मध्ये. इथे आपण साहेबाच्या जवळजवळ पन्नास वर्षं पुढे होतो, बॉस!

पण एक गोची होती. पैसे मोजल्याशिवाय पार्सल उघडता येत नसे. त्यामुळे न मागवलेला माल गळ्यात मारणारे महाभागही होतेच. म्हणून १८९८च्या टपाल कायद्यात अट होती, की खरोखर आलेल्या ऑर्डरीचाच माल व्ही.पी.ने पाठवतोय, असं पाठवणाऱ्याने लिहून द्यायचं. फसवणूक झाली तर गिऱ्हाइकाला पैसे परत देण्याची तरतूदही त्यात होती. रिफंड पॉलिसी, दुसरं काय!

आणि नेकनूर?

तेव्हा नेकनूर निजामाच्या राज्यात होतं. हैदराबाद संस्थानाची स्वतःची टपाल तिकिटं १८६९पासून होती. पण रेल्वे? नगरला ती १८७८मध्ये आली, बार्शीला १८९७मध्ये. बीडला पहिली गाडी पोचायला २०२५ उजाडलं! तेव्हा मुंबईचा माल या भागात यायचा तर शेवटचा सगळा पल्ला गाडीवाटेचाच. अशा गावांना पाहिजे होता तो भरवसा. अनोळखी दुकानदार आणि अनोळखी गिऱ्हाईक यांच्यामध्ये पोस्टमन उभा राहिला, म्हणून व्यवहार जमला.

आज पोस्टमनच्या जागी डिलिव्हरी बॉय आहे. भरवशाचं गणित मात्र तेच. तेव्हाही परत आलेली व्ही.पी. दुकानदाराच्या खिशाला चाट लावायची. आजही 'मूड बदलला' म्हणून नाकारलेलं पार्सल कुठल्यातरी छोट्या विक्रेत्याच्या अंगावर पडतं. माल खराब निघाला तर बिनधास्त परत करा, तो तुमचा हक्कच आहे. पण ऑर्डर देताना एकदा विचार करा, दारात आलेलं पार्सल खरंच घेणार आहोत ना?

बाकी, आईचा दुसरा फोन येईलच. "रंग फोटोत होता तस्साच हाय रं!"

जिंकलात की!